पैशाच्या वेळी हौस, ताब्याच्या वेळी करिअर

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघीजणी एका विश्वस्त निधीच्या कार्यालयात गेलो होतो. आमच्या वस्तीतल्या मुलींचा कबड्डीचा संघ आहे. सरावाला मॅट नाही, धड बूट नाहीत, बाहेरगावी सामना असला की एस.टी.च्या भाड्याचे वांधे. मागणी काही फार मोठी नव्हती. तिथल्या गृहस्थांनी चहा दिला, आमच्या कामाचे तोंडभरून कौतुक केले आणि मग म्हणाले, "मुलींनी हौसेखातर खेळावं, तब्येतीला चांगलं असतं. पण ताई, बायकांच्या खेळाला प्रेक्षक कुठे असतो? अहो, अमेरिकेतसुद्धा त्यांच्या लीग चालल्या नाहीत. बाजारच नाही, त्याला कोण काय करणार?"

मी गप्प बसले. समाजकार्याच्या महाविद्यालयात दोन वर्षे आम्हाला हेच तर शिकवले होते, निधी देणाऱ्याशी हुज्जत घालू नये. निधी मिळाला नाही तो नाहीच. पण ते 'अमेरिकेतसुद्धा' डोक्यातून जाईना. म्हणून मी त्या बुडालेल्या लीगविषयी मिळेल ते वाचायला घेतले. कॅरा पोर्टर नावाच्या वकील बाईंचे 'मॅड सीझन्स' हे पुस्तक (२००६) त्यावरच आहे. वाचत गेले तसा मला त्या गृहस्थांपेक्षा स्वतःचाच जास्त राग येऊ लागला. का, ते शेवटी सांगते. आधी मॉली बोलिनची हकीकत.

मॉली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली. मक्याच्या शेतांचा मुलूख. मोराव्हिया हे तिचे गाव अगदी लहान. तिथल्या लहान गावांत मुलींचा बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्या असाव्यात तसा प्रकार होता. राज्यपातळीवरच्या मुलींच्या स्पर्धा १९२० पासून सुरू झाल्या. १९२५ साली शाळांच्या क्रीडा संघटनेतल्या पुरुष मंडळींनी ठरवले की मुलींनी असे चारचौघांत स्पर्धेत उतरणे बरे दिसत नाही. तेव्हा लहान गावांतल्या काही शाळांचे प्रमुख बैठकीतून फुटून बाहेर पडले आणि त्यांनी मुलींसाठी वेगळी संघटना काढली. तेही पुरुषच होते, हे नमूद करायला हवे. पुढे पन्नास-साठ वर्षे या स्पर्धांना गावेच्या गावे लोटत होती, टीव्हीवर सामने दाखवत होते. 'प्रेक्षक कुठे असतो' या प्रश्नाचे उत्तर खरे तर इथेच मिळते. प्रेक्षक आयोवातल्या शाळांच्या हॉलमध्ये होता, तिकीट काढून बसलेला.

मुलींचा खेळ मात्र वेगळ्या नियमांचा. १८९०च्या दशकात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवायला घेतला, तेव्हा मैदानाचे भाग पाडून ज्या भागात उभे केले तिथेच खेळायचे, असा नियम केला. धावून धावून बायकांचा जीव दमू नये, त्यांनी हिसकाहिसकी करू नये, म्हणून. त्यातूनच पुढे आयोवातला सहा जणींचा खेळ आला. तिघी फक्त बास्केट करणार, तिघी फक्त अडवणार, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच आपटायचा. हा प्रकार तिथे १९९३ पर्यंत चालला! गंमत अशी की नाजूक देहाच्या काळजीपोटी केलेल्या या नियमातून अचाट नेमबाज मुली तयार झाल्या. दिवसभर एकच काम, चेंडू घेणे आणि टाकणे. डेनिस लाँग या मुलीने १९६८ साली शाळेच्या एका सामन्यात १११ गुण केले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने तिला चक्क आपल्या निवडयादीत घेतले. लीगच्या प्रमुखांनी ती निवड रद्द केली.

मॉली त्याच मातीतली. शाळेच्या एका सामन्यात तिने ८३ गुण केले होते. कॉलेजच्या वयातच लग्न झाले, मूल झाले. डी मॉइन या शहरातल्या ग्रँड व्ह्यू कॉलेजात ती खेळली आणि १९७८ साली, एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, कडेवर मूल असताना तिने आयोवा कॉर्नेट्स या नव्या संघाशी करार केला. बायकांची पहिली राष्ट्रीय व्यावसायिक बास्केटबॉल लीग त्या वर्षी सुरू होत होती आणि करारावर सही करणारी मॉली ही त्या लीगमधली पहिली खेळाडू. रक्कम किती? वर्षाला ६,००० डॉलर.

ही रक्कम ऐकून 'डॉलर आहेत हो' असे म्हणू नका. दुसऱ्याच वर्षी, १९७९ साली, पुरुषांच्या एन.बी.ए.मध्ये लॅरी बर्ड हा नवा मुलगा आला, त्याचा करार पाच वर्षांना साडेबत्तीस लाख डॉलर, म्हणजे वर्षाला साडेसहा लाख. मॉलीच्या शंभरपटीहून जास्त. बास्केट मात्र तेवढ्याच उंचीवर.

९ डिसेंबर १९७८ रोजी मिलवॉकी शहरात पहिला सामना झाला, मिलवॉकी विरुद्ध शिकागो. ७,८२४ प्रेक्षक आले. पहिल्या वर्षी आठ संघ होते, दुसऱ्या वर्षी चौदा. तिसऱ्या वर्षी नऊ उरले आणि १९८१ साली लीग संपली. कॉर्नेट्स दोन वर्षे अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. दुसऱ्या हंगामात मॉलीची सरासरी सामन्याला ३२.८ गुण होती, एका सामन्यात तर तिने ५५ केले. लीगची सर्वोत्तम खेळाडू म्हणून ॲन मायर्स हिच्याबरोबर तिची जोडीने निवड झाली. लोक तिला 'मशीनगन मॉली' म्हणू लागले.

कौतुक एवढे, पण पगार? पगार कधी व्हायचा, कधी नाही. चेक परत यायचे. कुठे मालक गायब, कुठे मधल्या हंगामातच संघाला टाळे. दुसऱ्या वर्षी वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फियाचे संघ थोड्याच सामन्यांनंतर बंद पडले. पोरी आपापल्या गावी, पैसे बुडालेले ते बुडालेलेच. मॉलीने १९८० साली आयोवा सोडून कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका नव्या लीगच्या संघात नाव घातले, तीही लीग बघता बघता कोसळली. मग ती सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातून खेळली. आपल्याकडे बांधकामावरच्या बाया मुकादम पळाला की दुसरे नाके गाठतात, त्याची मला आठवण झाली. फरक एवढाच की या बाईचे नाव वर्तमानपत्रांत छापून येत होते.

आणि २१ मार्च १९८१. ही तारीख आपल्या शिबिरांत सांगण्यासारखी आहे. मिनेसोटाच्या संघातल्या मुलींचे पगार कितीतरी दिवस थकले होते. शिकागोत सामना होता. मुली गणवेश घालून मैदानात आल्या, खेळ सुरू व्हायची वेळ झाली आणि त्या एकजुटीने मैदानाबाहेर निघून गेल्या. कामगार याला काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. लीगने काय केले? ज्याने पगार दिला नाही त्याला सोडून ज्यांनी मागितला त्या मुलींना निलंबित केले.

इथे एक शब्द आठवतो, तो आपल्या भाषेतला आहे. पैसे न घेता खेळणाऱ्या खेळाडूला आपण 'हौशी' म्हणतो. त्या काळी ऑलिंपिकला हौशीच चालत. बायकांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आला १९७६ साली. म्हणजे दोनच वर्षांनी लीग निघाली तेव्हा चांगल्या चांगल्या मुलींपुढे हा पेच, पैसे घ्यावेत की देशासाठी खेळावे? काही जणी लीगपासून दूर राहिल्या, १९८०च्या मॉस्कोची वाट बघत. अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला, मुलींच्या हातात काहीच उरले नाही. बाईने हौशी राहावे यात सगळ्यांची सोय असते. हौशी बाईला पगारही नको आणि संघटनाही नको. आपल्या अंगणवाडी सेविकांना विचारा. त्यांच्या कामाला किती तास लागतात, किती रजिस्टरे भरावी लागतात, पण मिळते त्याला पगार म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. मानाचे धन! मान आणि धन दोन्ही किती मिळते, हे त्यांचे मोर्चे बघितलेल्यांना वेगळे सांगायला नको.

आता 'बाजारच नाही' या मुद्द्याकडे येते. लीग बुडाली हे खरे. पैसे कमी होते, हिशेब गोंधळाचे होते, फार घाईने फार संघ काढले हेही खरे. प्रेक्षक रोज पहिल्या दिवसाइतके येत नव्हते, हेही मी लपवत नाही. पण पुरुषांचे कसे होते? आजची एन.बी.ए. ज्या लीगमधून निघाली ती १९४६ साली अकरा संघांनी सुरू झाली. पहिला हंगाम संपताच त्यातले चार संघ बंद पडले. आज त्या अकरांपैकी तीनच उरले आहेत. मॉली ज्या काळात खेळत होती, त्याच १९८० साली पुरुषांच्या अंतिम फेरीचा निर्णायक सामना बहुतेक ठिकाणी थेट दाखवलाही नाही. रात्री उशिरा मुद्रित केलेला दाखवला. तरी कुणी म्हटले नाही की पुरुषांच्या बास्केटबॉलला बाजार नाही. मुलगा अडखळला की 'शिकतोय हळूहळू', मुलगी अडखळली की 'तिला जमायचेच नाही' हे आपण घरोघर ऐकतोच. भांडवलदारही घरातूनच आलेला असतो.

पुरुषांच्या दुय्यम लीगही होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला १९४६ पासून ईस्टर्न लीग चालायची. खेळाडू आठवडाभर शाळेत शिकवायचे, कारखान्यात राबायचे आणि शनिवार-रविवारी लांबच्या गावी जाऊन खेळायचे. किरकोळ पैसे मिळत. पैसे कमीच होते, त्यात त्यांचाही दोष नाही. त्यांच्याविषयीचे लिखाण वाचताना त्यांच्या चिवटपणाचे, खेळावरच्या प्रेमाचे कौतुक दिसते आणि ते योग्यच आहे. पण शनिवार-रविवारी ही माणसे गाडीत असताना त्यांची पोरे कुणाजवळ होती, हा प्रश्न कुणाला पडल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

मॉलीच्या बाबतीत तो पडला. थेट न्यायालयात पडला. पण त्याआधी पोस्टरविषयी बोलले पाहिजे. तिथे आपल्यातल्याच मैत्रिणींशी माझा वाद आहे.

मॉली दिसायला देखणी होती. केस सोनेरी. पगाराचा भरवसा नाही, संघाला प्रसिद्धी हवी, अशा परिस्थितीत तिने आपली पोस्टरे काढली आणि विकली. आखूड चड्डी, बिनबाह्यांचा सदरा, शेजारी चेंडू. आज कुठल्याही खेळाच्या जाहिरातीत यापेक्षा जास्त दिसते. तेव्हाही त्यावर बरीच टीका झाली. ही हकीकत मी आमच्या गटात सांगितली तेव्हा एक ज्येष्ठ मैत्रीण ताडकन म्हणाली, "म्हणजे बाजारानं टाकलेल्या जाळ्यात ती गेलीच की. शरीर विकायला काढलं." त्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. १९९६ साली बंगलोरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध ज्या पिढीने रस्त्यावर उतरून विरोध केला, तिच्या बोलण्याला वजन आहे. बाईच्या अंगाची वस्तू करणारा बाजार मलाही चीड आणतो.

आणि तो बाजार त्या लीगमध्ये होताच. कॅलिफोर्नियाच्या संघातल्या मुलींना चालायचे-बोलायचे-नटायचे शिकवणाऱ्या वर्गाला पाठवले होते. बास्केटबॉल खेळणाऱ्या धिप्पाड बाया 'बायकी' दिसाव्यात म्हणून! त्याआधीची परंपरा तर आणखी मजेशीर. मिसुरी राज्यात १९३६ साली ऑल अमेरिकन रेड हेड्स नावाचा बायकांचा संघ निघाला. संघ काढणाऱ्याच्या बायकोचे केशभूषेचे दुकान होते. सगळ्या खेळाडूंनी केस लाल रंगवायचे नाहीतर लाल टोप घालायचा आणि रंगरंगोटी करून गावोगाव पुरुषांच्या संघांशी पुरुषांच्याच नियमांनी खेळायचे. त्या बहुतेक वेळा जिंकायच्या. एका हंगामात दोनशेच्या आसपास सामने, सगळा प्रवास गाडीतून. १९८६ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे हा संघ चालला. लाल केसांच्या तमाशासाठी लोक येत आणि घरी जाताना गावच्या तगड्या गड्यांना बायकांनी हरवलेले बघून जात. आता या बायांना आपण काय म्हणायचे? वस्तू? की ज्या दाराने आत जाऊ दिले त्या दाराने आत शिरलेल्या खेळाडू? मला वाटते, आपल्या लावणी कलावंतांच्या बाबतीत आपण हा प्रश्न थोडा उशिरा का होईना विचारायला शिकलो. खेळाडूंच्या बाबतीत अजून शिकलेलो नाही.

मॉलीने पोस्टर काढले नसते तर तिला योग्य पगार मिळाला असता का? नसता. सगळ्या लीगमध्येच पगार तुटपुंजे होते. मग जाब तिलाच का विचारायचा? ज्याने तिच्या ५५ गुणांची किंमत ६,००० ठरवली, त्याच्या दारात आधी उभे राहू या. पोस्टरचा हिशेब नंतर करता येईल.

पण दुसऱ्याच कुणीतरी तो हिशेब आधी केला.

मॉलीचा संसार मोडला. घटस्फोट झाला, मुलाच्या ताब्याचा दावा उभा राहिला. नवऱ्याच्या बाजूने तिच्याविरुद्ध काय मांडले गेले? तिचा खेळ. तिचा प्रवास. आणि ते पोस्टर. दारू नव्हे, मारहाण नव्हे, मुलाला उपाशी ठेवले असेही नव्हे. खालच्या न्यायालयाने मुलाचा ताबा बापाला दिला.

जरा थांबून बघा. चार वर्षे सगळे जग या बाईला सांगत होते की तुझे काम हे काही खरे काम नव्हे. पगार थकला तर चालवून घे, तू खेळतेस, कारखान्यात जातेस का? करार मोडला तर रडू नकोस, हा हौसेचा मामला आहे. त्या कामातून पेन्शन नाही, उद्याची शाश्वती नाही. आणि न्यायालयाची पायरी चढताच तेच काम एवढे मोठे, एवढे गंभीर, एवढे सगळे आयुष्य व्यापणारे करिअर झाले की त्यापायी ती आई म्हणून नालायक ठरली! पैसे मोजताना हौस, मूल मोजताना करिअर. दोन्ही जागांना आपण कोर्टच म्हणतो. एका कोर्टात तिचे काम पिसासारखे हलके आणि दुसऱ्यात शिशासारखे जड.

मॉलीने अपील केले. १९८३ साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने खालचा निकाल तिच्या बाजूने फिरवला. मुलगा तिच्याकडे आला. बाहेर काम करणाऱ्या, प्रवास करणाऱ्या आयांसाठी या निकालाचे मोल मोठे. पण ती लढत होती तोवर तिचे खेळायचे वय सरत होते, हेही त्याच्या शेजारी लिहायला हवे. १९८४ साली आणखी एक लीग निघाली, त्यात ती कोलंबसच्या संघातून खेळली. ती लीगही एका हंगामात आटोपली. त्यानंतर अमेरिकेत बायकांची टिकाऊ राष्ट्रीय लीग उभी राहायला १९९६-९७ उजाडले, तोवर मॉली चाळिशीला आली होती.

१९९७ साली डब्ल्यू.एन.बी.ए. सुरू झाली, तिच्यामागे पुरुषांच्या लीगचे पैसे आणि टीव्ही होता. त्या पहिल्याच हंगामात शेरिल स्वूप्स बाळंत झाली आणि दीड महिन्यात मैदानात परतली. तिचे कौतुक झाले. एवढ्या लवकर परतावे का लागले, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी लावून धरला नाही. खेळाडूंची संघटना भांडत राहिली. २०२०च्या करारात बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार, लेकुरवाळ्या खेळाडूंना दोन खोल्यांचे घर आणि मूल सांभाळण्यासाठी वर्षाला ५,००० डॉलर अशा तरतुदी झाल्या. हे कुणी दयेने दिले नाही. संघटनेने मागितले, बोलणी केली आणि मिळवले. मिनेसोटाच्या त्या मैदानाबाहेर गेलेल्या मुलींना यातले काही मिळाले नाही. त्यांच्या लीगमधल्या सगळ्याजणींचा सन्मान २०१८ साली बायकांच्या बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये झाला, वाट पाडणाऱ्या म्हणून. थकलेला पगार मात्र सन्मानपत्रात मिळत नाही.

आता माझ्याविषयी. कबूल केले होते म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या समुपदेशन केंद्रात एक कबड्डी खेळणारी बाई आली. एका आस्थापनेच्या संघातून खेळते. नोकरी नाही, कंत्राट आहे, महिन्याला मानधन मिळते. नवऱ्यापासून वेगळी राहते, सहा वर्षांची मुलगी तिच्याजवळ. नवऱ्याने कुटुंब न्यायालयात ताब्याचा अर्ज केला. त्यात लिहिले होते की पत्नी सामन्यांच्या निमित्ताने वारंवार परगावी जाते, तिच्यासोबत पुरुष प्रशिक्षक असतात, तिचे आखूड कपड्यांतले फोटो लोक मोबाईलवर बघतात, सबब मुलीवर चांगले संस्कार होणार नाहीत. तिने पोटगी मागितली होती, त्या अर्जाला उत्तर देताना याच नवऱ्याचे म्हणणे असे की ती व्यावसायिक खेळाडू आहे, भरपूर कमावते. आणि तिचे आस्थापन तिला सांगत होते, तू आमची कर्मचारी नाहीस, हौशी खेळाडू आहेस, रजा आणि विमा कसला मागतेस? एकाच बाईच्या एकाच कामाची तीन कागदांवर तीन वजने.

आणि मी काय केले? मी तिला म्हणाले, "हे बघ, निकाल लागेपर्यंत बाहेरगावचे सामने घेऊ नकोस. फेसबुकवरचे ते फोटो काढून टाक. समुपदेशकांसमोर जाताना साडी नेस." मी एम.एस.डब्ल्यू. आहे. ८ मार्चला माईक हातात घेऊन भाषणे देते. तिने माझे ऐकले. एक हंगाम घरी बसली. संघातली जागा गेली. बचावात खेळणारी, पायात सूर मारून पकड करणारी पोरगी, वर्षभरात तिचा गुडघा आखडला आणि मनही.

मैत्रिणींनो, माझा सल्ला व्यवहाराचा होता, हे मला माहीत आहे. आपल्यातल्या बहुतेकजणींनी तोच दिला असता. हातातली केस जिंकायची असते, मूल जाऊ द्यायचे नसते. न्यायाधीशाच्या मनात काय आहे ते बघून आपण बाईला त्या मापात कापतो आणि त्याला रणनीती म्हणतो. कायद्यात तर असे कापून घ्या म्हणून कुठे लिहिलेले नाही. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही मुलाचे हित सर्वोपरी म्हटले आहे, साडीविषयी त्यात अक्षर नाही. गीता हरिहरन यांच्या १९९९च्या खटल्यात बाप हयात असतानाही आई पालक असू शकते, एवढे तरी सर्वोच्च न्यायालयाने मानले. मग आपणच आपल्या केंद्रात बसून विरुद्ध बाजूच्या वकिलाचा अर्ज अर्धा मान्य का करतो? मॉलीच्या पोस्टरवर नाक मुरडणारी माझी ज्येष्ठ मैत्रीण आणि फोटो काढून टाक म्हणणारी मी, आम्हा दोघींमध्ये किती अंतर आहे? मला ते फार वाटत नाही.

कुणी म्हणेल, तत्त्वासाठी एका बाईचे मूल पणाला लावणार का? नाही लावणार. निर्णय तिचा, धोका तिचा. पण तिच्यापुढे दोन्ही वाटा ठेवायला हव्या होत्या, मी एकच ठेवली. सामन्याच्या दिवशी मुलगी कुठे असते, शाळेत कोण सोडते, आजारी पडली तर कोण जागते, हे सगळे ती नीट निभावत होती. तिची आई, शेजारीण, संघातल्या दोघीजणी अशी एक साखळी होती. त्याचे वेळापत्रक करून कागदावर मांडायला मला जमले असते. आमच्या केसपेपरच्या छापील नमुन्यात बाईच्या 'व्यवसाय' या रकान्यासमोर मी स्वतःच्या हाताने काय लिहिले होते, ते परवा काढून बघितले. 'गृहिणी' लिहिले होते. कंसात 'कबड्डीची आवड'.

तो कागद मी बदलला आहे. या जूनमध्ये ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, जिल्ह्याच्या निवड चाचणीला नाव देऊ का?" मी म्हटले, दे. मग तिच्या वकिलांकडे दोघी मिळून गेलो. अर्जाला तिच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे, मानधनाच्या पावत्या आणि मुलीच्या देखभालीचे आठवड्याचे वेळापत्रक जोडले. चड्डी आणि बनियन घातलेला संघाचा फोटोही लावला, ज्यात पुढच्या रांगेत चषकाशेजारी तिची मुलगी बसली आहे. वकील जरा चाचरले, पण त्यांनी लावला. पुढची तारीख महिन्याअखेरीची आहे आणि त्याच आठवड्यात तिचा सामना आहे.